न गाणाऱ्यांसाठी काही संगीतपट

“बोलता बोलता माणसे एकाएकी गाऊ लागतात आणि कोठून तरी वाद्यवृंद वाजू लागतो. फादर, आपल्या गावात असे कधी घडलेले तुम्ही पाहिले आहे काय?” गेल्या आगमनकाळात आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त मुख्याध्यापक मला हा प्रश्न विचारीत होते. निमित्त साधे होते. नाताळच्या सुट्टीत सभागृहात मुलांना ‘द साउंड ऑफ म्युझिक’ दाखवावा असे युवकांनी ठरविले होते आणि सरांचा त्याला विरोध होता. त्या एका चित्रपटावर त्यांचा राग नव्हता; संगीतपट हा प्रकारच त्यांना मान्य नव्हता. “खोटे वाटते ते,” एवढेच ते म्हणाले.

प्रश्न विचारणारा मनुष्य संगीताचा शत्रू असता तर मी विषय हसण्यावारी नेला असता. परंतु याच सरांनी कित्येक वर्षे आमचा गायनवृंद चालविला होता. पत्नीच्या अंत्यविधीनंतर त्यांनी गाणे सोडले, गीतांच्या वह्या कपाटात ठेवल्या आणि तेव्हापासून ते मिस्साला शेवटच्या बाकावर बसतात. त्यांचा आक्षेप हॉलिवूडवर होता, तसाच तो आणखीही कशावर तरी होता हे मी ओळखून होतो. म्हणून वाद न घालता मी एवढेच म्हटले, “सर, मी तुम्हांला काही चित्रपटांची यादी देतो. दिलेल्या क्रमाने पाहा. मग आपण बोलू.” ती यादी, आणि तिचा क्रम ज्यावरून ठरला तो इतिहास, येथे वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सरांचा आक्षेप नवा नाही. तो संगीतपटाइतकाच जुना आहे. ज्यांनी हे चित्रपट घडविले त्यांनाही तो ठाऊक होता. बोलण्यातून गाण्यात जाताना जी एक पायरी चढावी लागते ती प्रेक्षकाला न अडखळता कशी चढवावी, या एकाच प्रश्नाला निरनिराळ्या काळांत दिलेली उत्तरे म्हणजे हॉलिवूडच्या संगीतपटाचा इतिहास, असे म्हटले तरी चालेल.

त्या इतिहासाचा आरंभ एका प्रार्थनेशी जोडलेला आहे. ६ ऑक्टोबर १९२७ रोजी न्यूयॉर्क येथे वॉर्नर ब्रदर्सचा ‘द जॅझ सिंगर’ प्रथम दाखविला गेला. चित्रपट बराचसा मूकच होता. परंतु त्यातील गाणी आणि थोडे संवाद पडद्यावरील ओठांबरोबर ऐकू आले आणि मूकपटांचे युग सरत आले. कथा आहे यहुदी सभास्थानातील एका प्रार्थनागायकाच्या मुलाची. पित्याची इच्छा, मुलाने पिढीजात परंपरेप्रमाणे देवाच्या मंदिरात गावे. मुलाला ओढ रंगभूमीची. पिता मृत्युशय्येवर असताना, प्रायश्चित्त दिनाच्या पूर्वसंध्येला, मुलगा रंगमंच सोडून सभास्थानात येतो आणि पित्याच्या जागी उभा राहून प्रार्थना गातो.

कथा काल्पनिक असली तरी तिच्यात एक ऐतिहासिक सत्य दडलेले आहे. त्यात प्रमुख भूमिका करणारा अल जॉल्सन हा स्वतः प्रार्थनागायकाचा मुलगा होता. अमेरिकेला अगणित गीते देणारे अर्व्हिंग बर्लिन यांचे वडील तोच व्यवसाय करीत. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ (१९३९) या चित्रपटाला संगीत देणारे हॅरॉल्ड आर्लेन यांचेही वडील प्रार्थनागायकच होते. रशिया आणि पूर्व युरोपातून देशोधडीला लागलेल्या या यहुदी घराण्यांतील मुलांच्या कानांवर जी पहिली सुरावट पडली ती स्तोत्रसंहितेची होती. तीच स्तोत्रसंहिता आपण दर रविवारी पहिल्या वाचनानंतर गातो. त्या सुरावटीला आफ्रिकी अमेरिकनांच्या जॅझ संगीताची जोड मिळाली, आणि ज्याला आपण हॉलिवूडचे संगीत म्हणतो त्याचा मोठा भाग त्यातून जन्मास आला.

येथेच एक कलंकही नोंदवावयास हवा. जॉल्सनने त्या चित्रपटात तोंडाला काळा रंग फासून कृष्णवर्णीयाचे सोंग घेतले आहे. ज्यांचे संगीत घेतले त्यांनाच दारात उभे करावयाचे नाही, ही रीत पुढेही बराच काळ चालली. लेना हॉर्न या गुणी गायिकेची गाणी कथेपासून अलग राहतील अशा बेताने चित्रित केली जात. कारण दक्षिणेकडील राज्यांतील चित्रपटगृहांना ती कापून टाकता यावीत. संगीतपट पाहताना हे विसरू नये. सुंदर गोष्टीच्या पायाशी अन्याय असू शकतो, हे ख्रिस्ती माणसाला कोणी नव्याने सांगावयास नको.

बोलपट आला आणि गाण्यांचा पूर आला. १९२९ चा ‘द ब्रॉडवे मेलडी’ हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळविणारा पहिला बोलपट ठरला. मग प्रत्येक स्टुडिओने गाण्यांची रास ओतली आणि दोनच वर्षांत प्रेक्षक कंटाळले. १९३०-३१ च्या सुमारास तर तयार झालेल्या चित्रपटांतून गाणी कापून ते प्रदर्शित करण्यापर्यंत पाळी आली. म्हणजे सरांच्या पक्षात एके काळी अख्खी अमेरिका होती! कारणही उघड होते. गाण्याला कथेत जागा नव्हती; ते वरून चिकटविलेले होते.

पहिले समाधानकारक उत्तर १९३३ साली आले. ‘फॉर्टी सेकंड स्ट्रीट’ आणि ‘गोल्ड डिगर्स ऑफ १९३३’ हे दोन्ही चित्रपट रंगमंचावर काम करणाऱ्या मुलींचे आहेत. त्या गातात, कारण गाणे हेच त्यांचे पोटापाण्याचे काम आहे. आक्षेपाला जागाच उरत नाही. त्यांतील भव्य नृत्यरचना बझ्बी बर्कली यांच्या. काळ महामंदीचा होता. बँका बंद पडत होत्या. ‘गोल्ड डिगर्स’च्या आरंभीच पैशाचे गुणगान करणाऱ्या नृत्याची तालीम चालू असते आणि कर्जाच्या वसुलीसाठी आलेली माणसे मुलींच्या अंगावरचे पोशाखसुद्धा काढून नेऊ लागतात. चित्रपटाचा शेवट तर पाहणाऱ्याला चकित करतो. पहिल्या महायुद्धात लढलेले आणि आता लंगरच्या रांगेत उभे असलेले सैनिक पडद्यावर येतात, आणि त्यांना विसरलेल्या देशाला एक स्त्री गाण्यातून जाब विचारते. आदल्याच वर्षी, १९३२ च्या जुलैत, आपला बोनस मागण्यासाठी वॉशिंग्टनला जमलेल्या अशाच माजी सैनिकांना लष्कराने हुसकून लावले होते. संगीतपट म्हणजे केवळ दुःखावरचे पांघरूण, असे म्हणणाऱ्याने हा शेवट अवश्य पाहावा. म्हणून सरांच्या यादीत हा चित्रपट पहिला.

दुसरा ‘स्विंग टाइम’ (१९३६), फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स यांचा. या काळाशी आपल्या ख्रिस्तसभेचाही संबंध आहे. हॉलिवूडने १९३० साली स्वीकारलेली नीतिसंहिता लिहिण्यात डॅनिएल लॉर्ड या येशूसंघीय धर्मगुरूंचा प्रमुख हात होता. १९३४ पासून ती कडकपणे अंमलात आली आणि १९३६ साली अकरावे पायस यांनी चित्रपटांविषयी ‘व्हिजिलांती कुरा’ हे परिपत्रक काढले. त्या संहितेचे गुणदोष हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे; तिच्यामुळे काही असत्येही पोसली गेली. पण अस्टेअर-रॉजर्स यांच्या चित्रपटांत जे प्रेम आहे ते आलिंगनातून सांगितलेले नसून नृत्यातून सांगितलेले आहे, हे खरे. अस्टेअर यांचा आग्रह असे की नाचणाऱ्याचे शरीर डोक्यापासून पायांपर्यंत चौकटीत दिसावे आणि मध्ये शक्यतो तोडजोड नसावी. चूक लपवावयास जागाच नको. ‘स्विंग टाइम’च्या अखेरच्या विरहनृत्यासाठी सत्तेचाळीस वेळा चित्रीकरण करावे लागले आणि रॉजर्स यांच्या पायांतून रक्त आले. जे इतके सहज दिसते त्यामागे एवढे कष्ट असतात. वर्षानुवर्षे ‘पुन्हा एकदा’ म्हणत गायनवृंदाला घोटवून घेणाऱ्या माणसाला हे सांगण्याची गरज नव्हती. पण मी ते मुद्दाम सांगितले.

हे संगीत आपल्या किनाऱ्यालाही लागले होते. गोव्यातील चर्चच्या संगीतशाळांत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेले तरुण मुंबईच्या हॉटेलांतील वाद्यवृंदांत ही अमेरिकन गीते वाजवीत. पुढे त्यांच्यातीलच अनेक जण हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा ही नावे आज बऱ्याच जणांना ठाऊक आहेत. धर्मग्रामाच्या शाळेत शिकविलेला ‘सा’ कोठवर पोचतो पाहा!

१९४४ साली दोन चित्रपट आले. पहिला, ‘गोइंग माय वे’. लिओ मॅकॅरी यांच्या या चित्रपटात बिंग क्रॉस्बी यांनी न्यूयॉर्कमधील एका कर्जबाजारी धर्मग्रामात आलेल्या तरुण धर्मगुरूची भूमिका केली आहे. सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सात ऑस्कर त्याला मिळाले. येथे कोणी अकारण गात नाही. रस्त्यावर उनाडक्या करणाऱ्या मुलांचा गायनवृंद उभा राहतो, गाणी पियानोपाशी आणि रंगमंचावर होतात, आणि एका गाण्याच्या विक्रीतून चर्चचे कर्ज फेडावयाचे असते. ज्यांना संगीतपटाची पायरी उंच वाटते त्यांच्यासाठी ही सर्वांत सोपी वाट. सरांना तो आवडला. तोंडाने ते एवढेच म्हणाले, “वृद्ध फादरचे काम चांगले आहे.” बॅरी फिट्झजेराल्ड यांनी केलेले ते काम चांगले आहेच.

दुसरा, ‘मीट मी इन सेंट लुइस’. व्हिन्सेंट मिनेली यांचा हा चित्रपट माझ्या यादीचा गाभा. काळ १९०३-०४. सेंट लुइस शहरातील एक सुखी कुटुंब. वडिलांना न्यूयॉर्कला बढती मिळते आणि नाताळनंतर घर सोडून जावयाचे ठरते. येथे रंगमंच नाही, तालीम नाही. माणसे जिन्यावर, दिवाणखान्यात, खिडकीपाशी गातात, जसे पूर्वी आपल्याकडे पडवीत बसून गात. नाताळच्या पूर्वरात्री मोठी बहीण (ज्युडी गारलंड) धाकट्या टूटीला उराशी धरून एक गाणे गाते. गीतकार ह्यू मार्टिन यांनी प्रथम लिहिलेले शब्द इतके उदास होते की लहान मुलीला असे ऐकविणे क्रूरपणाचे होईल, असे गारलंड यांनी म्हटले आणि शब्द बदलण्यात आले. बदललेल्या गीतातही दुःख आहेच. यंदा जमेल तसे निभावून नेऊ, असा त्याचा सूर आहे. ज्या वर्षी हा चित्रपट आला त्या वर्षी अमेरिकेतील असंख्य घरांत नाताळच्या मेजावर एक खुर्ची रिकामी होती.

गाणे संपते तेव्हा टूटीचे समाधान होत नाही. ती धावत अंगणात जाते आणि आपण बनविलेली बर्फाची माणसे काठीने फोडून टाकते. वरच्या खिडकीतून वडील हे पाहतात. त्याच रात्री ते घरच्यांना एकत्र बोलावून सांगतात की आपण कोठेही जाणार नाही.

हा चित्रपट पाहिल्यावर सर दोन दिवसांनी आले. आमच्या धर्मग्रामातील पुष्कळ घरांप्रमाणे त्यांचाही मुलगा कॅनडात आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पोर बरोबर होते, फादर. गाण्याने काही होत नसते.” मी म्हटले, “होय. पण गाणे झाले नसते तर ते पोर रडले असते काय?” सरांनी उत्तर दिले नाही.

त्यांचे मन हलके व्हावे म्हणून पुढचा चित्रपट ‘सिंगिंग इन द रेन’ (१९५२) दिला होता. जीन केली आणि स्टॅन्ली डोनेन यांच्या या चित्रपटात १९२७ चा काळ आहे. मूकपटाची नायिका दिसावयास देखणी, पण आवाज कर्कश. म्हणून पडद्यामागे एक होतकरू मुलगी तिच्यासाठी गाते आणि शेवटी पडदा उचलून ते गुपित फोडले जाते. गंमत अशी की ती गुणी मुलगी झालेल्या डेबी रेनॉल्ड्स यांना एका गाण्यासाठी बेटी नॉइझ यांचा आवाज उसना घ्यावा लागला. पावसातील ते जगप्रसिद्ध नृत्य केले तेव्हा केली यांच्या अंगात १०३ अंश ताप होता. संगीतपटातील खोटेपणावर संगीतपटानेच इतके मनमुराद हसावे, यापरते सरांना दुसरे उत्तर कोणते?

पार्श्वगायन आपल्याला नवे नाही. मात्र आपल्याकडे पार्श्वगायिकेचे नाव घरोघरी पोचते. हॉलिवूडने ते दडविले. ‘द किंग अँड आय’ (१९५६) मध्ये डेबोरा कर, ‘वेस्ट साइड स्टोरी’ (१९६१) मध्ये नॅटली वुड आणि ‘माय फेअर लेडी’ (१९६४) मध्ये ऑड्री हेपबर्न या तिघींच्या मुखातून ऐकू येणारा गाता आवाज मुख्यतः मार्नी निक्सन यांचा. पण श्रेयनामावलीत त्यांचे नाव नव्हते. अखेर १९६५ साली ‘द साउंड ऑफ म्युझिक’ मध्ये त्यांचा स्वतःचा चेहरा पडद्यावर दिसला, तो एका भगिनीच्या झग्यात, सिस्टर सोफियाच्या भूमिकेत. युवकांच्या कार्यक्रमात मी मुलांना ती सिस्टर मुद्दाम ओळखावयास लावली.

‘वेस्ट साइड स्टोरी’ला दहा ऑस्कर मिळाले. रोमिओ आणि ज्युलिएट यांची कथा न्यूयॉर्कच्या गल्ल्यांत आणून, गोऱ्या मुलांची टोळी आणि प्वेर्तो रिकोहून आलेल्या मुलांची टोळी यांच्या वैरात तीन तरुण जीव जातात. शेवटी मारिया आपल्या मृत प्रियकराजवळ हातात पिस्तूल घेऊन उभी राहते आणि दोन्ही टोळ्यांना विचारते ते गाऊन विचारीत नाही, बोलून विचारते. मूळ नाटकाचे संगीतकार लिओनार्ड बर्नस्टाईन यांनी त्या भाषणाला चाल लावण्याचा प्रयत्न केला होता. ती जमली नाही आणि ते शब्द बोललेलेच राहिले. मला तर ते अपयश या प्रकाराच्या प्रामाणिकपणाची खूण वाटते. कोठे गावे हे ज्याला कळते त्याला कोठे थांबावे हेही कळते.

यादीत शेवटी ‘द साउंड ऑफ म्युझिक’. सर्वांना माहीत असलेला, म्हणूनच शेवटी. यातील इतिहास मात्र पारखून घ्यावा. मारिया ही व्यक्ती खरी. साल्झबुर्गच्या नॉनबर्ग मठात ती उमेदवार होती आणि १९२६ साली फोन ट्रॅप यांच्या घरी आली ती सर्व मुलांची दाई म्हणून नव्हे, आजारातून उठलेल्या एका मुलीची शिक्षिका म्हणून. विवाह १९२७ साली झाला. नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केला त्याच्या अकरा वर्षे आधी. १९३८ साली हे कुटुंब डोंगर चढून पळाले नाही, आगगाडीने इटलीस गेले. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या कुटुंबाच्या गायनवृंदाला ज्यांनी घडविले ते फादर फ्रान्झ वासनर चित्रपटात नाहीतच. त्यांच्या जागी मॅक्स नावाचा एक गमत्या कार्यक्रम-व्यवस्थापक आहे. फादर वासनर त्या कुटुंबाबरोबर देशत्याग करून अमेरिकेस गेले, वर्षानुवर्षे त्यांच्या गायनाचे संचालन केले आणि पुढे फिजी बेटांवर मिशनरी म्हणून राबले. चित्रपट काढणाऱ्यांना धर्मगुरू नको वाटला असेल. पण ज्याने लोकांना गावयास शिकविले तो पडद्याआड राहावा, हेही त्या सेवेला शोभणारेच आहे.

आता सरांच्या मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या गावात माणसे बोलता बोलता गातात काय? संत ऑगस्टीन यांनी स्तोत्रसंहितेवर भाष्य करताना शेतात आणि द्राक्षमळ्यात राबणाऱ्या माणसांचे उदाहरण दिले आहे. कापणीच्या वेळी ती शब्दांनी गाऊ लागतात. मग अंतःकरण इतके भरून येते की शब्द गळून पडतात आणि निव्वळ स्वर उरतो. जे बोलता येत नाही आणि ज्याच्याविषयी मौनही धरवत नाही, तेथे असा स्वर निघतो, असे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. भातलावणीला ओणवलेल्या आपल्या आयाबहिणींचे गाणे ज्यांनी ऐकले आहे त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. चांगला संगीतपट एवढेच करतो. जे अंतःकरणात घडते ते तो बाहेर घडताना दाखवितो. स्तोत्रकर्त्यानेही दुसरे काय केले? आणि त्याच्या स्तोत्रांत आनंदाइतकाच आक्रोश आहे, हे आपण विसरतो.

पण गाणे थांबण्यालाही उपासनेत स्थान आहे. पवित्र गुरुवारच्या महिमागीतानंतर घंटा मुक्या होतात आणि पुनरुत्थानाच्या जागरविधीपर्यंत त्या वाजत नाहीत. त्या काळात आपण लाकडी कटकटा वाजवितो. घंटा मात्र मनोऱ्यातून कोणी उतरवून ठेवीत नाही.

सर गायनवृंदात परत आले काय, असे वाचक विचारतील. आलेले नाहीत, मीही त्यांना तसे म्हटलेले नाही. कोणाच्या गुड फ्रायडेची लांबी दुसऱ्याने ठरवू नये. त्यांनी माझ्या चकत्या कागदात नीट गुंडाळून परत केल्या. मोजल्या तेव्हा एक कमी भरली. सेंट लुइसची. दारातून जाता जाता म्हणाले, “ती राहू दे माझ्याकडे थोडे दिवस. मुलगा येणार आहे नाताळला.”